शब्द विसरलेलं 'मॅक द नाइफ': एला फिट्झजेराल्डची करामत की गाण्याचा अपमान?

अनवट

गेल्या रविवारी आमच्या गाण्याच्या कट्ट्यावर मी अमेरिकन जाझ गायिका एला फिट्झजेराल्डचं 'मॅक द नाइफ' ऐकवलं. १९६० चं, बर्लिनच्या मैफलीतलं. संपल्यावर आमच्यातले एक ज्येष्ठ गायक म्हणाले, "आवाज देवाघरचा आहे, पण पाठांतर कच्चं. चुकीला डोक्यावर का घ्यायचं?" तिथे मला धड उत्तर देता आलं नाही. घरी येऊन चार वेळा परत ऐकलं, आणि आता उत्तर आहे.

ज्यांनी ऐकलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. १३ फेब्रुवारी १९६०, पश्चिम बर्लिनमधलं डॉइच्लांडहाल्ले हे अवाढव्य सभागृह. साथीला पॉल स्मिथ पियानोवर, जिम हॉल गिटारवर, विल्फ्रेड मिडलब्रुक्स बासवर आणि गस जॉन्सन ड्रम्सवर. 'मॅक द नाइफ' तेव्हा ऐन भरात होतं. आदल्या वर्षी गायक बॉबी डॅरिनची तबकडी अमेरिकेत नऊ आठवडे पहिल्या क्रमांकावर होती, त्याआधी १९५५ मध्ये ट्रम्पेटवादक-गायक लुई आर्मस्ट्राँगने ते गाजवलं होतं. एला गाण्याआधी सांगते की हे गाणं कुठल्या मुलीने गायलेलं आम्ही ऐकलेलं नाही, म्हणून आम्ही करून बघतो, सगळे शब्द आठवतील अशी आशा आहे. लोक हसतात. गाणं सुरू होतं, शार्कचे दात, मॅक नावाच्या खुन्याचा चाकू, रविवारच्या सकाळी फूटपाथवर पडलेलं प्रेत, सगळं जागच्या जागी.

आणि मग शब्द जातात. ती थांबत नाही. 'पुढचं कडवं काय बरं या गाण्याचं' हेच ती त्या चालीत, त्या लयीत गाते. मला माहीत नाही, पण गाणं झोकात आहे, हिट आहे, म्हणून आम्ही प्रयत्न केला, असं गात गात समेवर येते. पुढे गाण्यातल्या लुई मिलरचं नाव आठवतं, पण त्याचं काय झालं ते आठवत नाही, तर 'कॅशबद्दल काहीतरी होतं' अशी ओळ टाकते, आणि त्या कॅशला ट्रॅश आणि रॅश अशी यमकं जुळवून कडवं पुरं करते! मग बॉबी डॅरिन आणि लुई आर्मस्ट्राँग यांनी रेकॉर्ड केली, आणि आता एला आणि तिची पोरं या गाण्याचा 'रेक' करताहेत, म्हणजे पार बट्ट्याबोळ. रेकॉर्ड आणि रेक! हे तिला गाता गाता सुचलंय. त्यानंतर आर्मस्ट्राँगच्या घोगऱ्या आवाजाची नक्कल, निरर्थक अक्षरांची बरसात, आणि शेवटी डॅरिनच्या आणि आर्मस्ट्राँगच्या चाहत्यांना नावानिशी सलाम करून मॅकला गावात परत आणून सोडते.

या गाण्याला आणि त्या ध्वनिमुद्रिकेला पुढच्या वर्षी ग्रॅमी मिळाले, दोन्ही गायिकांच्या गटातले.

माझं म्हणणं असं की हा चुकीचा गौरव नाही. आपण जिला उपज म्हणतो, म्हणजे गाता गाता ऐनवेळी सुचलेलं, ती इथे शब्दांत झाली आहे. आपल्याकडे गायक स्वरांची उपज करतो, बोल तेच राहतात. इथे चाल तीच राहिली आणि बोलच जन्माला आले, तेही विनोदी आणि यमकांसकट.

स्वतःचंही सांगते. काही वर्षांपूर्वी गणेशोत्सवातल्या एका कार्यक्रमात मी तिसरा अंतरा विसरले. तबलजीने ठेका धरून ठेवला, माझ्याकडे बघत राहिला. एक आवर्तन गेलं, दुसरं गेलं. मी "क्षमस्व" म्हणून थांबले. तो ठेका अजून माझ्या कानात आहे. त्या मोकळ्या आवर्तनात काय करता येतं ते या बाईने दाखवलं, म्हणून हे गाणं मला डोक्यावर घ्यावंसं वाटतं.

कोपऱ्यातला प्रेक्षक

अनवट, लेखन आवडलं, तुमचा तिसऱ्या अंतऱ्याचा अनुभव वाचून पोटात कालवलं. पण निष्कर्ष अजिबात पटला नाही, आणि मी गाण्यातला नाही, नाटकातला आहे, म्हणून वेगळ्या बाजूने बोलतो.

हे गाणं मुळात कशाचं आहे? नाटककार बेर्टोल्ट ब्रेख्त आणि संगीतकार कुर्ट वाइल यांच्या 'थ्रीपेनी ऑपेरा' या जर्मन संगीत नाटकाचं. पहिला प्रयोग ३१ ऑगस्ट १९२८, बर्लिनच्याच शिफबाउअरडाम नाट्यगृहात. गाण्याचा प्रकार 'मोरिटाट'. जत्रेत बाकावर उभा राहून, रंगवलेल्या चित्रांकडे छडी दाखवत, बाजाचं हँडल फिरवत खून-दरोड्यांच्या हकिगती गाणारा माणूस असायचा, त्याचं हे गाणं. आपल्या पिंगुळीच्या चित्रकथींसारखं, फक्त इथे रामायण-महाभारताऐवजी ताजे खून. म्हणजे हे गाणं ही गुन्ह्यांची यादी आहे. प्रत्येक कडव्यात एक मेलेला माणूस. शार्कचे दात दिसतात, मॅकचा चाकू दिसत नाही, आणि असा न दिसणारा चाकू बाळगणारे सभ्य लोक तुमच्या शेजारी बसलेत, हा त्यातला डंख.

जर्मन मूळ गाण्यात शेवटी दोन भयानक कडवी आहेत. एकात लंडनच्या सोहो भागातल्या आगीत सात मुलं आणि एक म्हातारा जळून मरतात, दुसऱ्यात एका अल्पवयीन विधवेवर अत्याचार होतो. अमेरिकेत गाजलेल्या तबकड्यांमध्ये ती दोन्ही नाहीत. आर्मस्ट्राँगने ते नाचतं केलं, डॅरिनने चुटक्या वाजवत गायलं, आणि एलाबाईंनी तर उरलेल्या खुनांनाही 'कॅशबद्दल काहीतरी होतं' म्हणून टाकलं. ज्या गाण्याचं कामच 'विसरू नका' हे आहे, त्यात विसरण्यावर टाळ्या? तुम्ही उपज म्हणता, मला ती झीज वाटते. तीस वर्षांत एका धारदार गाण्याची धार कशी गेली याचं शेवटचं टोक.

आणि हे घडलं कुठे? बर्लिनमध्ये. सन १९६०. युद्ध संपून पंधरा वर्षं झालेली. पहिल्या प्रयोगात हे गाणं गाणारा नट कुर्ट गेरॉन ज्यू होता. १९४४ मध्ये त्याला आउश्वित्झच्या छळछावणीत नेऊन मारलं. ज्या शहरात त्याने खुनांची यादी पहिल्यांदा गायली, त्याच शहरात ती यादी विसरली गेली म्हणून हजारो लोक खदखदून हसतात. मला हे ऐकताना हसू येत नाही.

पखवाज

प्रेक्षकसाहेब, तुमचा मुद्दा जड आहे, त्याला हात घालायला थोडा वेळ हवा. तोवर आधी अनवट यांच्या कट्ट्यावरच्या त्या ज्येष्ठांना उत्तर देतो, कारण "पाठांतर कच्चं" हे वाक्य मला झोंबलं.

हे गाणं सोळा बारच्या आवर्तनात फिरतं. एक बार चार मात्रांचा. फिरत्या आवर्तनाला दया नसते, शब्द आठवो न आठवो, ड्रम्स पुढे जाणार. त्यात ते गाणं मधूनमधून अर्ध्या स्वराने वर चढतं. म्हणजे एला शब्द शोधतेय तेव्हा तिच्या पायाखालची पट्टीही सरकतेय. कान देऊन ऐका, एकाही ठिकाणी ती सुराला खाली नाही, एकाही ठिकाणी ओळ आवर्तनाबाहेर सांडत नाही. उलट शब्द गेल्यावर लय जास्त सैल, जास्त मस्तीत येते. आधीची दोन-तीन कडवी ती नेटकी गाते, पण खरं सांगायचं तर तेवढी डॅरिननेही गायली आहेत. 'पुढचं कडवं काय बरं' इथून ते गाणं तिचं होतं.

आणि पाठांतराचंच म्हणाल तर त्याच मैफलीत ती 'हाउ हाय द मून' गाते. सात-आठ मिनिटं. त्यात बहुतेक वेळ स्कॅट, म्हणजे आपल्या तराण्यासारखी निरर्थक अक्षरं, आणि त्या ओघात दुसऱ्या कित्येक गाण्यांचे तुकडे येऊन जातात. एका जागी 'स्मोक गेट्स इन युअर आइज'ची ओळ येते, आणि ती धुराच्या जागी घाम घालते, माझ्या डोळ्यांत घाम जातोय! दिव्यांखाली तिच्या अंगाला पाणी सुटलं असणार, ते तिने गाण्यात आणलं. इतक्या चालींचा साठा डोक्यात बाळगणाऱ्या बाईला कच्च्या पाठांतराची म्हणणं अन्याय आहे.

श्प्रेकाठी

मी बर्लिनमध्ये राहते, म्हणून या धाग्यात पडल्याशिवाय राहवत नाही.

कोपऱ्यातला प्रेक्षक यांनी शहराचा मुद्दा काढला, पण अर्धाच. ते सभागृह कुठलं होतं? डॉइच्लांडहाल्ले १९३६ च्या ऑलिंपिकसाठी बांधलं होतं, आणि १९३५ मध्ये त्याचं उद्घाटन हिटलरने केलं होतं. नाझी राजवटीत जाझला 'निग्रो संगीत' म्हणून हिणवलं जायचं. स्विंगवर, म्हणजे नाचाच्या जाझवर, नाचणाऱ्या हाम्बुर्गच्या पोरांना पोलिसांनी धरलं, त्यातल्या काहींना छळछावण्यांत पाठवलं. वाइल ज्यू, ब्रेख्त डावा, दोघांनाही १९३३ मध्ये देश सोडावा लागला. ब्रेख्त तर राइशस्टागच्या, म्हणजे जर्मन संसदेच्या, आगीच्या दुसऱ्याच दिवशी निघाला.

आता त्या छताखाली १९६० मध्ये कोण उभं आहे? एक काळी अमेरिकन बाई. काय गातेय? हाकलून दिलेल्या ज्यू संगीतकाराची चाल, स्विंगमध्ये. आणि ती इतकी निर्धास्त आहे की शब्द विसरून हसतेय. माझ्या मते त्या इमारतीत याहून मोठं काही घडलेलं नाही. २०११ मध्ये ती पाडली.

तरीही मी पूर्णपणे अनवट यांच्या बाजूची नाही. इथल्या लोकांना जर्मन शब्द पाठ असतात, 'उंड डेर हाइफिश' म्हणजे 'आणि तो शार्क' इथपासून. पहिलाच शब्द 'आणि', जणू काही हकिगत आधीपासून चालूच आहे. ते शब्द कोरडे आहेत, गायक भावना दाखवत नाही, म्हणून अंगावर येतात. त्यानंतर कुठलीही इंग्रजी आवृत्ती ऐकली की मला ते गाणं धुवून इस्त्री केल्यासारखं वाटतं. दोष एलाचा नाही, तिच्या हातात आलं तेच इस्त्री केलेलं होतं. पण आपण ऐकणाऱ्यांनी मूळ न ऐकताच 'हेच खरं' म्हणू नये.

अनवट

प्रेक्षकसाहेब, तुमचा प्रतिसाद वाचून मी खरंच थबकले. गेरॉनबद्दल मला माहीत नव्हतं. आज दिवसभर तेच डोक्यात होतं.

पण तुम्ही नाटकातले म्हणून नाटकाचंच विचारते. प्रेक्षकाने गोष्टीत वाहून जाऊ नये, नटाने मधेच बाहेर येऊन 'हे नाटक आहे' याची आठवण द्यावी, हा ब्रेख्तचाच आग्रह ना? मग गायिका गाण्यातून बाहेर येते, प्रेक्षकांकडे बघते, 'हे एक हिट गाणं आहे, याच्या रेकॉर्डी अमक्यातमक्याने काढल्यात, आणि मी आत्ता ते गायचा प्रयत्न करतेय' असं त्याच चालीत सांगते, याहून ब्रेख्तच्या जवळ काय असेल? डॅरिनची आवृत्ती ऐकताना मी मॅकच्या रुबाबात वाहून जाते, तो मला आवडायला लागतो. एलाच्या आवृत्तीत मॅक हीरो राहतच नाही. तिथे फक्त गाणं म्हणणारी माणसं उरतात.

शब्द तोडण्याचा आरोपही एकट्या एलावर येत नाही. १९५५ मध्ये आर्मस्ट्राँग गात होता तेव्हा लोटे लेन्या, म्हणजे वाइलची बायको, १९२८ च्या प्रयोगात जेनीचं काम केलेली नटी, स्टुडिओत हजर होती. त्याने मॅकच्या बायकांच्या यादीत तिचं नाव घुसडलं. डॅरिनने तेच ठेवलं. जिवंत माणसाचं नाव गाण्यात टाकायची रीत तेव्हाच पडली. एलाने त्या रांगेत डॅरिन आणि आर्मस्ट्राँग यांनाच उभं केलं.

आणि अपघाताचंच म्हणाल तर या गाण्याचा जन्मच घाईत झाला. मॅकचं काम करणाऱ्या हाराल्ड पाउल्सनला आपला प्रवेश आणखी उठावदार हवा होता, म्हणून ते शेवटच्या दिवसांत लिहिलं गेलं. पहिल्या प्रयोगाला पहिल्या कडव्यात तो हँडल फिरवायचा बाजा वाजलाच नाही! गेरॉन बाज्याशिवाय गात राहिला, दुसऱ्या कडव्याला वाद्यवृंदाने उचललं. बर्लिनमध्ये या गाण्याची साथ सुटण्याची ती पहिली वेळ. साथ सुटली तरी गाणारा थांबला नाही, तेव्हाही आणि १९६० मध्येही.

कोपऱ्यातला प्रेक्षक

बाज्याची गोष्ट तुम्ही चांगली आणलीत. तरी ब्रेख्तच्या त्या आग्रहाचा, म्हणजे दुरावा-तत्त्वाचा, तुमचा अर्थ मला मान्य नाही. ब्रेख्तचा नट बाहेर येतो तो प्रेक्षकाला विचार करायला लावण्यासाठी, आपल्यावर प्रेम करायला लावण्यासाठी नाही. एला बाहेर येते आणि लोक तिच्यावर आणखी फिदा होतात. खुनांचा विचार कोण करतंय त्या क्षणी?

आपल्याकडचं उदाहरण देतो. याच नाटकाचं पुलंनी 'तीन पैशाचा तमाशा' केलं, १९७८ मध्ये थिएटर अकॅडमीने, जब्बार पटेलांच्या दिग्दर्शनाखाली. मी तेव्हा कॉलेजात. त्यात पाश्चात्त्य रॉकमधून आलेले नंदू भेंडे होते, तमाशाचा बाज होता, नाट्यसंगीत होतं, सगळ्या चाली एकमेकींत मिसळलेल्या. पुलंनी शब्द न् शब्द बदलला, आम्ही हसून हसून लोळलो. पण घरी जाताना सायकलवर मी गप्प होतो, कारण चोर कोण आणि पोलीस कोण हे मला सांगता येईना. विनोदाने गाणं नव्याने घडवणं म्हणजे ते. विनोदाला माझा विरोध नाही, नाटकवाला कसा विरोध करेल? हसून झाल्यावर हातात काय उरतं, एवढंच मी विचारतोय. त्या बर्लिनच्या मैफलीनंतर हातात एलाचं कौतुक उरतं. ते खरं आहे, पण ते गाण्याबद्दल नाही.

वसुधा_म

मी प्रेक्षक यांच्याशी सहमत, पण माझं कारण वेगळं आहे. मला एलाच्या बाजूने बोलायचंय, आणि म्हणूनच मला हे गाणं तिची ओळख व्हावं हे खटकतं.

१९५६ पासून या बाईने एकेका अमेरिकन गीतकार-संगीतकाराचं काम घेऊन अख्खे संच गायले. कोल पोर्टर, रॉजर्स आणि हार्ट, ड्यूक एलिंग्टन, गर्शविन बंधू. शब्दाशब्दाला मान देऊन, एकही अक्षर न मोडता. जिने शब्द इतके जपले, तिची सगळ्यात लाडकी ध्वनिफीत कोणती, तर शब्द विसरलेली! आपल्याला बाईची मेहनत बघायला आवडत नाही, तिची फजिती बघायला आवडते, आणि फजितीतून ती हसत बाहेर आली की जास्त आवडते. एखाद्या पुरुष गायकाची चूक आपण इतक्या मायेने कुरवाळली असती का?

आणखी एक. नंतरच्या मैफलींतही हे गाणं घेताना ती आर्मस्ट्राँगची नक्कल करायची, त्या जोडलेल्या ओळी ठेवायची. म्हणजे पहिल्यांदा अपघात, मग त्याचा आयटम झाला. मग त्याला उपज म्हणावं का?

पखवाज

वसुधाताई, दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे आहे. ठुमरी गाताना एखादी जागा अशी सापडते की गायक स्वतःच चमकतो. पुढच्या मैफलीत तो ती परत घेतो, कारण ऐकणारे तिची वाट बघत असतात. म्हणून पहिल्यांदा सापडलेली जागा खोटी ठरते का? घराण्यांतल्या कितीतरी 'जागा' अशाच कुणाच्या तरी एका संध्याकाळी सापडलेल्या आहेत. बर्लिनची ध्वनिफीत मोलाची आहे ती यासाठी, की जागा सापडण्याचा क्षणच तिच्यात पकडला गेलाय.

पहिल्या प्रश्नाबद्दल मात्र मी विचारात पडलो. संच ऐकणारे कमी आणि हे एक गाणं ऐकणारे जास्त, हे खरं आहे. तरी 'फजिती' हा शब्द मला बरोबर वाटत नाही. तिचा पहिला प्रसंग आठवा. २१ नोव्हेंबर १९३४, न्यूयॉर्कमधलं अपोलो थिएटर, हौशी कलाकारांची रात्र. वय सतरा. ती नाचायला आली होती. तिच्या आधीच्या नाचणाऱ्या बहिणी इतक्या जबरदस्त नाचल्या की हिचे पाय गळाले, आणि ऐनवेळी ती गायला उभी राहिली. पहिलं बक्षीस मिळालं, पंचवीस डॉलर. ठरवलेलं हातून निसटलं की जे हाताशी आहे ते उचलायचं, हे ती तेव्हापासून करत आली होती. बर्लिनला तिच्या मागे त्या सवयीची पंचवीस वर्षं होती.

मांडवीकाठी

मी पणजीचा. माझे मामा मुंबईच्या हॉटेलांतल्या बँडमध्ये ट्रम्पेट वाजवायचे, त्यामुळे हे सगळं आमच्या घरात बोललं जायचं. आमच्या आल्दोन्याचे चिक चॉकलेट, खरं नाव आंतोनियो शावियर वाझ, यांना लोक भारताचे लुई आर्मस्ट्राँग म्हणायचे. तेही आर्मस्ट्राँगसारखा घोगरा आवाज काढून गायचे, हातात पांढरा रुमाल घेऊन. ती टवाळी होती का? मामा सांगायचे, ज्याचं वाजवणं तुम्ही रात्र रात्र ऐकून अंगात मुरवलंय त्याचीच नक्कल जमते. सी. रामचंद्रांच्या गाण्यांत जो स्विंग आहे तो याच वादकांमुळे, आणि त्यातली किती गाणी हसवणारी आहेत! आमच्याकडे स्विंग आणि हसू हे कधी वेगळे नव्हतेच.

एला आर्मस्ट्राँगची नक्कल करते तेव्हा त्याच्यासोबत तिच्या तीन ध्वनिमुद्रिका झालेल्या आहेत. दोघं एका माइकसमोर उभे राहिलेत. तो आवाज तिच्या कानात बसलेला आहे. शब्द संपले तेव्हा तिने आधाराला त्यालाच बोलावलं. मला ऐकताना तसंच वाटतं, अंधारात जिना उतरताना आपण ओळखीच्या माणसाचा खांदा धरतो ना, तसं.

प्रेक्षकबाबांना एवढंच सांगतो. दुःखाचं गाणं हसत गायलं म्हणजे दुःख विसरलं असं नसतं. आमच्याकडे लग्नाच्या घरातही कोणीतरी मांडो धरतो, आणि ते कोकणी गाणं बहुतेक वेळा विरहाचं असतं.

श्प्रेकाठी

मांडवीकाठी, खांद्याची उपमा फार आवडली.

प्रेक्षकांच्या मुद्द्याला जोडून एक लिहायचं राहिलं होतं. एला स्वतः काही गोडगोड जगातून आलेली नव्हती. १९५५ मध्ये ह्यूस्टनला, काळे-गोरे श्रोते एकत्र बसतील असा कार्यक्रम तिचा व्यवस्थापक नॉर्मन ग्रान्झ याने ठेवला, म्हणून पोलीस थेट तिच्या खोलीत घुसले. बाजूला फासे चालले होते, तेवढं निमित्त करून तिला, ग्रान्झला आणि ट्रम्पेटवादक डिझी गिलेस्पीलाही पकडून नेलं. सभ्य कपड्यांतला न दिसणारा चाकू तिला माहीत होता. म्हणून 'खुनांचा विचार कोण करतंय' हे तिच्याबद्दल विचारताना मला जरा संकोच वाटतो. श्रोत्यांबद्दल विचारा, जरूर विचारा. त्या हजारोंमध्ये नक्कीच असे लोक होते ज्यांनी १९३५ मध्येही त्याच सभागृहात टाळ्या वाजवल्या असतील.

कोपऱ्यातला प्रेक्षक

ह्यूस्टनची गोष्ट वाचून गप्प झालो. मी श्रोत्यांवरचा राग गायिकेवर काढत होतो, हे आता दिसतंय. तेवढं मागे घेतो.

काल रात्री परत ऐकलं, या वेळी सुरुवातीच्या निवेदनासकट. आजवर माझ्याकडे होतं त्यात ते कापलेलं होतं. 'शब्द आठवतील अशी आशा आहे' हे ती आधीच सांगते, हे ऐकल्यावर गाणं वेगळं लागलं. ती श्रोत्यांना आधीच सामील करून घेते. आणि 'पुढचं कडवं काय बरं' या ओळीला तिच्या आवाजात जराही घाबरणं नाही, हे पहिल्यांदा जाणवलं. तिथे मला हसू आलं, कबूल करतो.

पण माझा मूळ मुद्दा सोडत नाही. ज्याने फक्त ही आवृत्ती ऐकली त्याने हे गाणं ऐकलं असं मी म्हणणार नाही. त्या आगीत जळालेली सात मुलं आधी भेटली पाहिजेत. अनवट, तुमच्या कट्ट्यावर पुढच्या वेळी हे लावाल तेव्हा आधी मूळ जर्मन लावा, अर्थ सांगा, आणि मग एला. मग बघा लोक कुठे हसतात आणि कुठे थांबतात.

अनवट

कबूल. १९२९ मध्ये ब्रेख्तने हे गाणं स्वतःच्या आवाजात मुद्रित केलं होतं, 'र' घोळवत, अगदी जत्रेतल्या गाणाऱ्यासारखं. ते आधी लावते. मग १९५५ चा आर्मस्ट्राँग, मग एला, निवेदनासकट. श्प्रेकाठी, त्या दोन कडव्यांचा मराठी अर्थ तुम्ही लिहून द्याल का? मी वाचून दाखवीन.

वसुधाताई, तुमचं 'फजिती' मनात राहिलंय. कोल पोर्टरच्या संचातलं एक गाणं शेवटी लावते. त्या ज्येष्ठांनाही कळवलंय, रविवारी ते यायचे आहेत, आणि तबलजीही.

श्प्रेकाठी

लिहून देते. दुसऱ्या कडव्याला दोन दिवस द्या, त्यातला एक शब्द मराठीत कसा आणावा ते अजून सुचत नाहीये.